एका रविवारचे पाच सेट: स्कॉट लाफारो ऐकण्याच्या प्रकल्प नोंदी

रविवार, ५ मार्च २०२३

प्रकल्प ठरला. या वर्षी २५ जून रविवारी येतो. १९६१ सालीही तो रविवारीच आला होता. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये बिल इव्हान्सच्या ट्रिओने, म्हणजे तिघांच्या संचाने, दुपारी दोन आणि रात्री तीन असे पाच सेट वाजवले आणि रिव्हरसाइड कंपनीने ते टेपवर घेतले. पियानोवर इव्हान्स, ड्रम्सवर पॉल मोशन, डबल बासवर, म्हणजे उभं धरून वाजवायच्या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर, स्कॉट लाफारो. पुढे अकरा दिवसांत, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५.

आमच्या न्यू जर्सीतल्या मंडळींनी तो दिवस वाजवला गेला त्याच क्रमाने ऐकायचा. दुपारचं दुपारी, रात्रीचं रात्री. सोबत हातात द्यायला मराठीत एक टिपणवही, आणि ती माझ्याकडे आली आहे. लाफारोचं चरित्र लिहायचं नाही. ऐकणाऱ्यांची त्याच्याबद्दल जी टोकाची मतं आहेत ती एकेक करून घ्यायची आणि कुठल्या रेकॉर्डवरच्या कुठल्या जागेवरून ती निघाली ते शोधायचं. मत कोणीही देतं, ‘कुठे?’ असं विचारलं की निम्मी मंडळी चहा आणायला उठतात.

मंडळी अशी: पेटीवाले काका (तरुणपणी सांगलीकडे नाट्यसंगीताच्या मैफलींना साथ केलेले), तबला शिकवणाऱ्या वहिनी, रेकॉर्डी जमवणारा एक मित्र, कॉलेजच्या जॅझ बँडमध्ये डबल बास वाजवणारा माझा भाचा, आणि मी. लाफारोचा जन्म नेवार्कचा, म्हणजे आमच्या घरापासून ट्रेनने थोड्याच अंतरावरचा. पण तो लहान असतानाच घर न्यूयॉर्क राज्यात जिनिव्हाला गेलं आणि तो वाढला तिकडेच, त्यामुळे ‘आपल्या भागातला मुलगा’ ही ओळ वहीत येणार नाही.

रविवार, १९ मार्च

पहिली बैठक. ‘संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ ही मूळ एलपी, दोन्ही बाजू, मध्ये कोणी बोलायचं नाही असं ठरवून.

काकांनी ते एका बाजूपुरतं पाळलं. बाजू उलटताना म्हणाले, “याला साथ म्हणायची? बुवा तान घेतायत आणि मी मधेच माझी वेगळी तान काढली, तर पुढच्या कार्यक्रमाला बोलावतील का मला?”

भाचा उसळलाच. त्याच्या मते डबल बासचा इतिहास लाफारोच्या आधीचा आणि नंतरचा असा सरळ दोन भागांत पडतो. वहिनींनी मधला मार्ग काढला: “काका, साथ म्हणून ऐकूच नका ना. जुगलबंदी समजा.” त्यावर काका: “जुगलबंदी असेल तर दोघांनी एकमेकांना जागा द्यायची असते. हा घेतोच आहे नुसता.”

वहीसाठी तीन मतं मिळाली, आणि तीनही जगभरच्या चाहत्यांत सापडतात. एक, हा माणूस फार वाजवतो. दोन, याने बासला मुक्त केलं. तीन, हा संवाद आहे. तिसरं मत इतक्या वेळा छापलं गेलंय की ते आता कोणी तपासत नाही. मला तेच आधी तपासायचं आहे.

मित्राने जाता जाता कव्हर दाखवलं. ट्रिओच्या नावाखाली लाफारोचं नाव वेगळं दिलंय. ही गोष्ट पुढे लागणार.

रविवार, २ एप्रिल

आजचा आरोप: ‘त्याला सरळ वॉकिंग जमत नव्हतं, म्हणून तो इकडे तिकडे उड्या मारायचा.’ प्रत्येक बारच्या (तालाच्या एका खणाच्या) चार मात्रांवर चार सूर टाकत चालत राहणं ही बासवाल्याची रोजची भाकरी, आणि पॉल चेंबर्स किंवा रे ब्राऊन या बासवाल्यांवर जीव टाकणारे चाहते याच मुद्द्यावर लाफारोला नापास करतात.

उत्तर शोधायला इव्हान्सच्या बाहेर जावं लागतं. म्हणून आज तीन रेकॉर्डी लावल्या. १९५८ची कॅल जेडर आणि स्टॅन गेट्झ यांची सेक्सटेट, त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेली हॅम्प्टन हॉजची ‘फॉर रिअल!’, आणि १९६०ची ट्रम्पेटवाल्या बुकर लिटलची, जिच्यात ड्रम्सवर रॉय हेन्स आहे. तिन्हीत लाफारो चालतो, आणि काय चालतो! सूर मात्रेच्या किंचित पुढे टेकलेला, खालून ढकलणारा. भाचा बोटांनी मांडीवर मोजत होता. काकांनी पहिल्यांदाच मान डोलावली: “हा कोण? हा चांगला आहे.” तोच आहे असं सांगितल्यावर म्हणाले, “मग त्या दुसऱ्या ठिकाणी काय झालं याला?”

वहीत लिहून टाकलं: वॉकिंग न करणं ही निवड होती. ज्यांना शंका असेल त्यांनी बुकर लिटल ऐकावा. या आरोपावर यापेक्षा जास्त शाई खर्च करायची गरज नाही.

सोमवार, ३ एप्रिल

लाफारोचा जन्मदिवस (१९३६), आणि योगायोगाने सोमवार. व्हॅनगार्डमध्ये सोमवार तिथल्या बिग बँडचा. थॅड जोन्स आणि मेल लुईस यांनी १९६६मध्ये सुरू केलेली ती प्रथा आजही चालू आहे. जर्नल स्क्वेअरला गाडी बदलून क्रिस्टोफर स्ट्रीटला उतरलो, पुढे सेव्हन्थ अॅव्हेन्यू साउथवर चालत १७८ नंबर.

मला खोली बघायची होती. मॅक्स गॉर्डनने १९३५मध्ये सुरू केलेला हा क्लब तळघरात आहे. खोली त्रिकोणी, निमुळत्या टोकाला मंच, जेमतेम सव्वाशे माणसांची जागा. जुनं स्वयंपाकघर हीच वादकांची बसायची खोली. मंच आणि पहिलं टेबल यांच्यात हात पुढे केला तर वाद्याला लागेल इतकंच अंतर. १९६१च्या टेपवर ग्लासांची किणकिण आणि कोणाचं तरी हसणं इतकं जवळ का येतं, ते इथे बसलं की कळतं.

काही चाहत्यांना त्या आवाजांचा राग येतो: असं वाजवणं चालू असताना लोक गप्पा कशा मारतात! मला नाही येत. त्या दुपारी तिथे बसलेल्यांना आपण काय ऐकतोय याची पुढची गोष्ट माहीत नव्हती. ते रविवारी दुपारी दारू प्यायला आलेले लोक होते. आपण मात्र सगळं माहीत असून ऐकतो, आणि याचा आपल्या कानांवर किती परिणाम होतो हाच प्रश्न आता प्रकल्पाच्या मध्यभागी येतोय असं वाटतं.

रविवार, १६ एप्रिल

विषय: आवाज. ‘लाफारोचा टोन बारीक आहे’ ही तक्रार बासवाल्यांकडूनच जास्त येते.

भाच्याने वाद्य आणलं होतं, त्याने करूनच दाखवलं. डबल बासच्या तारा पट्टीपासून जितक्या उंच, तितकी तार जोरात ओढता येते आणि आवाज भरदार येतो. पण बोटं दमतात, वेग मरतो. तारा खाली आणल्या की डावा हात पळायला लागतो, पण तारेला झोके घ्यायला जागा कमी पडते आणि आवाज आटतो. लाफारोने तारा खाली आणल्या होत्या. त्या काळी बासला पिकअप (तारांचा आवाज थेट उचलणारं यंत्र) सहसा नसे, जे काही होतं ते मायक्रोफोनवर. म्हणजे वेगासाठी त्याने आकारमान दिलं, हा सौदा उघड आहे.

उजव्या हाताची गोष्ट तितकीच मोठी. जुने वादक बहुतेक एकाच बोटाने, किंवा दोन बोटं जोडून तार ओढत. लॉस एंजेलिसमध्ये असताना रेड मिशेलकडून लाफारोने दोन बोटं आळीपाळीने चालवण्याची पद्धत उचलली. भाचा म्हणाला, आज प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात, म्हणून लाफारोचं काही विशेष वाटेनासं झालंय.

आणि हे सगळं किती वर्षांत? तो आधी क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवायचा. इथाका कॉलेजात संगीत शिकायचं तर एक तंतुवाद्य आलंच पाहिजे, म्हणून अठराव्या वर्षी बास हातात घेतला. व्हॅनगार्डच्या रविवारी त्याला बास हातात धरून सात वर्षं झाली होती. वडील मात्र व्हायोलिन वाजवायचे. वहिनींचं म्हणणं, वरच्या पट्टीतल्या त्याच्या गाण्याचं मूळ तिथे शोधा. असेल. पण वहीत नाही घालणार. ऐकायला छान वाटणारी अटकळ आहे ती.

वाद्याचीही गोष्ट: न्यू हॅम्पशायरच्या अब्राहम प्रेस्कॉटने १८२५च्या सुमारास बनवलेला लहान आकाराचा बास. अपघातात तोही मोडला. पुढे न्यूयॉर्कच्या कोलस्टीन कारखान्यात तो पुन्हा उभा केला गेला आणि आजही वाजतो. मित्राला ही गोष्ट दोन पानं हवी आहे. एक परिच्छेद मिळेल.

रविवार, ३० एप्रिल

‘ऑटम लीव्ह्ज’, २८ डिसेंबर १९५९, ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ या रेकॉर्डवरची. ट्रिओचं पहिलं स्टुडिओतलं काम. मुखडा संपल्यावर तिघं तुकडे फेकायला लागतात. पियानो अर्धं वाक्य टाकतो, बास ते पूर्ण करत नाही, भलतंच विचारतो, ड्रम्स मध्येच थुंकल्यासारखे एक अक्षर बोलतात. ताल कोणीच उघडपणे देत नाही, पण तो तिघांच्या पोटात चालू असतो. आणि मग एका जागी लाफारो चारात चालायला लागतो, आणि खोलीतल्या प्रत्येकाचा पाय हलला. काकांचासुद्धा.

वहिनी म्हणाल्या, “समेवर आल्यासारखं वाटलं, पण सम तर मघापासून होतीच.” माझ्या पानभर टिपणापेक्षा हे वाक्य बरं आहे. वहीत त्यांच्या नावाने जाईल.

या गाण्याचे दोन टेक, म्हणजे दोनदा वाजवून घेतलेली दोन ध्वनिमुद्रणं, आहेत, एक स्टिरिओतला, एक मोनोतला. मित्र मोनोच्या बाजूने तासभर बोलला. पुढे चला.

रविवार, १४ मे

आज प्रकल्पाला कणा मिळाला.

त्या रविवारच्या टेपांमधून दोन एलपी निघाल्या. पहिली ‘संडे’, लाफारो गेल्यानंतर लगेच त्याच वर्षी. दुसरी ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’, १९६२मध्ये. पहिलीसाठीचे तुकडे इव्हान्स आणि निर्माता ओरिन कीपन्यूज यांनी निवडले ते लाफारोची आठवण म्हणूनच. जिथे बास ठळकपणे पुढे येतो ते वेचून घेतले. सुरुवात लाफारोच्याच ‘ग्लोरियाज स्टेप’ने, शेवट त्याच्याच ‘जेड व्हिजन्स’ने. मध्ये ‘माय मॅन्स गॉन नाऊ’, ‘सोलर’, ‘अॅलिस इन वंडरलँड’, ‘ऑल ऑफ यू’. कव्हरवर त्याचं वेगळं नाव. ही तबकडी म्हणजे श्रद्धांजली आहे, आणि श्रद्धांजलीत माणसाचे पराक्रम सांगतात.

आता दुसरी बघा. ‘माय फूलिश हार्ट’, ‘डिटूर अहेड’, ‘सम अदर टाइम’. त्याच दिवशीचं, त्याच खोलीतलं, तोच बास. ‘माय फूलिश हार्ट’मध्ये लाफारो किती थोडे सूर वाजवतो ते मोजायला बसलो तर मोजणं सोपं आहे, हेच विशेष. खालच्या पट्टीतला एक लांब सूर, मग वाट पाहणं, मग दुसरा. एकल वादन नाहीच. ‘सम अदर टाइम’मध्ये इव्हान्सच्या डाव्या हातातले दोन स्वरसमूह डोलत राहतात आणि बास त्यांच्या पायाशी बसतो. काका एकदम म्हणाले, “हा तानपुरा झाला की! हा माणूस गप्प बसू शकतो हे आधी का नाही सांगितलंत?”

का नाही सांगितलं, हाच तर मुद्दा. जगभरच्या ऐकणाऱ्यांना लाफारो पहिल्यांदा भेटला तो एका निवडक तबकडीतून, त्याच्या मृत्यूच्या बातमीच्या सावलीत. ‘फार वाजवतो’ म्हणणारे आणि ‘बासला मुक्त केलं’ म्हणणारे, दोन्ही गट त्याच सहा तुकड्यांवर भांडत आलेत. मला वाटतं दोघांचंही ऐकणं कीपन्यूजच्या निवडीने आधीच वळवलेलं होतं. वाजवलेल्या क्रमाने ऐकलं तर बासचं एकल वादन आणि बासचं थांबणं एकमेकांशेजारी येतात, आणि एक दुसऱ्याशिवाय कळत नाही. पहिल्याच दुपारच्या सेटमध्ये ‘अॅलिस’नंतर लगेच ‘माय फूलिश हार्ट’ येतं.

भाच्याला पटलं नाही. त्याच्या मते संथ गाण्यात कमी वाजवणं कुठल्याही बऱ्या बासवाल्याला जमतं. पुढच्या वेळी त्याच्यासाठी खास पुरावा.

रविवार, २१ मे

पुरावा: ‘पीसेस ऑफ जेड’, २००९मध्ये निघालेली सीडी. तिच्यात डॉन फ्रीडमन आणि पीट ला रोका यांच्याबरोबरच्या १९६१च्या ट्रिओचे काही तुकडे आहेत, पण आम्हाला हवा होता १९६०चा सरावाचा टेप. इव्हान्स आणि लाफारो दोघंच, बावीस मिनिटांहून थोडं जास्त, एकच गाणं. ‘माय फूलिश हार्ट’.

बावीस मिनिटं! व्हॅनगार्डमध्ये जे जवळपास न वाजवल्यासारखं वाटतं, त्याच्यामागे हे आहे. भाचा हेडफोन लावून पुन्हा एकटा ऐकत बसला आणि काही बोलला नाही. काकांनी त्याला सांगितलं, “अरे, सगळ्यात जास्त तालीम कमी वाजवायचीच करावी लागते. आम्हाला कोणी पैसे देत नसे त्याचे.”

ज्यांना सुबक आवाज हवा त्यांच्यासाठी हा टेप नाही. खरखर आहे. वहीत शिफारस करताना तसं लिहीन.

रविवार, २८ मे

वेगळी वाट: सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनची ‘फ्री जॅझ’, २१ डिसेंबर १९६०. एकाच वेळी दोन चौकड्या, सदतीस मिनिटं. डाव्या स्पीकरमध्ये कोलमन, डॉन चेरी, लाफारो, बिली हिगिन्स. उजव्यात एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन, एड ब्लॅकवेल. दोन बासवाले, आणि हे दोघं काही काळ लॉस एंजेलिसमध्ये एकाच घरात राहिलेले.

आम्ही स्पीकर एकेक करून बंद केले. फक्त उजवा: हेडन जमीन. फक्त डावा: लाफारो वरच्या मजल्यावर फिरतोय. दोन्ही लावले आणि शेवटाकडची दोन्ही बासची जागा आली तेव्हा मला प्रश्न पडला की चाहत्यांची वाटणी नेहमी इतकी सोयीची का असते: हेडन खोल, लाफारो चपळ. हेडनप्रेमी चाहते लाफारोला ‘नुसती बोटं’ म्हणतात. मला उलट ऐकू आलं. लाफारो वर जातो कारण खाली कोणीतरी आहे. इव्हान्सबरोबर खाली कोणी नव्हतं, तरी तो वर जायचा, आणि तिथे मोशनच्या झांजा आणि इव्हान्सचा डावा हात ती जमीन सांभाळायचे. म्हणजे लाफारोच्या उड्या हे तिघांचं मिळून केलेलं काम होतं. पॉल मोशनबद्दल चाहत्यांच्या तोंडून एक वाक्य निघत नाही, याचं मला वाईट वाटतं. तो २०११पर्यंत जगला, उतारवयात व्हॅनगार्डमध्ये पुन्हा पुन्हा वाजवायचा.

काका अर्ध्यावर उठून बाहेर बागेत गेले. “हे तुमचं चालू द्या.”

रविवार, ११ जून

‘तो जगला असता तर’ हे प्रकरण वहीतून काढलं. सगळ्यात जास्त मतं याच विषयावर आहेत आणि सगळ्यात कमी पुरावा. एक म्हणतो इलेक्ट्रिक बासकडे वळला असता, दुसरा म्हणतो ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसकडे गेला असता. असो.

त्याऐवजी जे खरोखर झालं ते: इव्हान्स काही महिने जवळजवळ वाजवायचाच थांबला. १९६२च्या मे-जूनमध्ये चक इझरेल्सबरोबर पुन्हा ट्रिओ ध्वनिमुद्रित झाला. पुढे १९६६पासून अकरा वर्षं एडी गोमेझ. इझरेल्सवर चाहते अन्याय करतात असं माझं ठाम मत आहे. रिकाम्या खुर्चीत बसणाऱ्याला कोणी ऐकतच नाही. गोमेझबद्दल उलटं होतं: बोटं लाफारोहून वेगवान, म्हणून चाहते त्याला लाफारोचा वारस ठरवतात. पण वेग हा वारसा असेल तर मग ‘सम अदर टाइम’चं काय करायचं?

रविवार, १८ जून

२५ची तयारी. २००५ची तीन सीडींची पेटी, सगळे टेक, वाजवलेल्या क्रमाने. एकूण अडीच तासांच्या आसपास. दुपारी दोन सेट, मग जेवण, मग तीन.

दोन वाद मिटवले. एक: मधली बोलणी आणि निवेदनं ठेवायची. मित्राचा विरोध होता, संगीत नाही म्हणून. पण पुढे काय वाजवायचं यावर तिघांची कुजबुज ऐकू येते, ती काढायची कशी? दोन: पहिल्याच ‘ग्लोरियाज स्टेप’मध्ये वीज क्षणभर गेली आणि टेपवर खड्डा पडला, तो टेक वगळावा का? नाही. दिवस तिथूनच सुरू झाला.

वहिनींनी ‘ग्लोरियाज स्टेप’चं आवर्तन मोजून दिलं. पाच बार, पुन्हा पाच, मग दहा. नेहमीच्या गाण्यांचे आठ-आठ बारांचे चार तुकडे कानात बसलेले असले की इथे प्रत्येक वेळी पाय चुकतो, आणि तरी चाल अडखळत नाही. एकल वादनाबद्दल इतकं बोलणाऱ्या चाहत्यांनी लाफारोच्या रचनेबद्दल अर्धं तरी बोलावं. ‘जेड व्हिजन्स’चे नऊ मोजायलाही त्यांनीच शिकवलं. नऊ मात्रांचे ताल आपल्याकडे आहेत, पण इतक्या संथ लयीत, दोन दोन तारा एकदम छेडत, बासवर!

रविवार, २५ जून

दुपारी साडेचारला सुरुवात. बटाटेवडे, चहा. ग्लासांची किणकिण आम्ही कपबशांनी पुरवली.

पहिला सेट. वीज गेल्याच्या जागी सगळे हसले. ‘अॅलिस’मध्ये भाचा पुढे झुकलेला, ‘माय फूलिश हार्ट’ लागलं तेव्हाही तसाच झुकलेला राहिला. हे मी मुद्दाम पाहिलं.

दुसऱ्या सेटमधलं ‘सोलर’ लांब आहे आणि त्यातलं बासचं एकल वादनही लांब. यावर मत फुटलं. मित्राला ते दिवसाचं शिखर वाटतं. मला त्याच्या मध्यावर थोडी दमछाक जाणवते. बोटं अजून बोलतायत पण वाक्यं मघाचीच. भक्तांना आवडणार नाही, पण लिहून ठेवतो. लगेच आधी ‘सम अदर टाइम’ वाजलेलं असतं, म्हणून ते जास्त जाणवत असेल. तबकडीवर हे दोन शेजारी कधीच नव्हते.

जेवणानंतर रात्रीचे तीन. ‘ऑल ऑफ यू’ दिवसातून तीनदा येतं. काकांनी आधी कुरकुर केली आणि तिसऱ्या वेळी स्वतःच हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तीन वेळा ऐकल्यावर त्यांना दिसलं ते असं: लाफारो इव्हान्सच्या वाक्यात शिरतो तो जवळजवळ नेहमी इव्हान्स श्वास घेतो तिथे. “बरं, श्वासाची जागा बघतो आहे. म्हणजे ऐकतो आहे. मग हरकत नाही.” आणि लगेच: “तरी जरा जास्तच वाजवतो.”

‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ तिनात सुरू होऊन चारात जातं त्या वळणावर वहिनींनी टाळी दिली. ‘माइलस्टोन्स’ जोरात लावलं. शेवटचा सेट सुरू झाला तेव्हा बाहेर अंधार पडून बराच वेळ झाला होता आणि शेजारच्यांची मुलं झोपली असतील म्हणून आवाज कमी केला. ‘जेड व्हिजन्स’ दोनदा. पहिला टेक जास्त सैल, दुसरा तबकडीवर गेलेला. मतदान घेतलं नाही, कारण दोनपैकी एक निवडायला सांगितलं की लोक ऐकायचं सोडून बाजू घेतात.

‘फार वाजवतो’ या मताला आज नवीन धार आली. क्रमाने ऐकल्यावर ते मत खोटं ठरत नाही, पण लहान होतं. तो काही ठिकाणी फार वाजवतो. त्या ठिकाणांची यादीच करता येते, आणि त्यातली बरीच ठिकाणं ‘संडे’वर आहेत.

रविवार, २ जुलै

वही छापायला गेली. शेवटची रचना: आधी बुकर लिटल आणि जेडर-गेट्झ, म्हणजे चालणारा लाफारो. मग ‘ऑटम लीव्ह्ज’. मग रविवार, टेपच्या क्रमाने, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन ओळी. शेवटी ‘फ्री जॅझ’, डावा स्पीकर, ऐच्छिक. ‘माय फूलिश हार्ट’ला सगळ्यात जास्त जागा मिळाली आहे, ‘सोलर’ला चार ओळी. भाच्याने ‘सोलर’च्या एकल वादनाचं स्वरलेखन करून आणलं होतं आणि ते आत घालायचा आग्रह धरला. वहीत बसत नाही. तो वेगळ्या कागदावर छापून हवं त्याला देणार आहे, आणि वर माझ्या चार ओळींवर उत्तरही लिहिणार आहे. लिहू दे.

काकांचं मत त्यांच्याच शब्दांत, दोन्ही अर्ध्यांसकट, ‘ऑल ऑफ यू’च्या पानावर.

पुढच्या बैठकीत इझरेल्स. १९६२ची ‘मून बीम्स’ मित्राकडे आहे.